डावीकडून ये

लिलावात तिचा नंबर एकेचाळीस होता.
कारखान्यात सात.
मी एकोणीस वर्षं सातच म्हणत आले,
म्हणून हात वर करायला जरा उशीर झाला
आणि तेवढ्यात भंगारवाल्याने वजनावर भाव लावला:
दोन टन, इतके डॉलर, विषय संपला.
मी शंभर जास्त बोलले.
तो हसला नाही, हे त्याचं चांगलं.

जानेवारी. डुलूथ. उणे बावीस.
ऑस्वाल्ड आणि त्याच्या मेहुण्याने
लोखंडी पाइपांवरून तिला गॅरेजमध्ये घेतली,
मागचा पाइप काढून पुढे, मागचा काढून पुढे,
वीस फुटांना चार तास.
गाडी तेव्हापासून बाहेर बर्फात असते.

मग कळलं, घरात वीज आहे पण पुरेशी नाही.
तिला तीन फेज लागतात, माझ्या गल्लीला एकच.
वीज कंपनीचा मुलगा फोनवर फार गोड बोलला,
खांबापासून तारा ओढायचा आकडा सांगितला
आणि विचारलं, बाई, घरी नक्की काय चालवता?

बंद पडलेल्या सॉ मिलमधून एक मोटर आणली, दहा हॉर्सपॉवरची.
तिने काही ओढायचं नाही, कापायचं नाही,
नुसतं रिकामं फिरत राहायचं
आणि नसलेला फेज तयार करायचा.
आमच्या घरात ते काम आई करायची:
मधे बसायची, काही न बोलता,
आणि जेवण पार पडायचं.

मोटरच्या शाफ्टला दोरी गुंडाळायची, ओढायची,
दोरी सुटली की मगच ब्रेकर टाकायचा.
पहिल्या वेळी दोरी सुटली नाही.
मनगटावर अजून खूण आहे.
दुसऱ्या वेळी अख्ख्या गल्लीचे दिवे डोळे मिचकावून गेले
आणि मिसेस हॅल्वर्सनचा फोन आला:
ऐन हवामानाच्या बातम्यांत!

सात नंबरचा पडदा उजळला.
त्यावर काही नव्हतं.
आतली बॅटरी केव्हाच मेलेली.
कुठल्या अक्षाने किती धावायचं,
कुठे थांबायचं, आपलं शून्य कुठे,
सगळं विसरलेली.

कंट्रोलचं दार उघडलं
तर आतल्या बाजूला, पेन्सिलीने, दोन रांगांत
सगळे आकडे.
अक्षर डेझमंडचं. रात्रपाळीचा डेझमंड फोर्टियर.
एकोणीस वर्षांत आम्ही भेटलो
रोज सहा मिनिटं,
तो कोट घालताना, मी काढताना.
बाकी सगळं चिठ्ठीवर.
कूलंट बदललं. दोन नंबरचा कटर बोथट.
केक फ्रिजमध्ये आहे, तुझा तुकडा ठेवलाय.
कसला केक, ते विचारायचं राहिलं.

बोटं गारठलेली, आकडे भरत गेले, नव्वद-एक.
एक चुकला आणि टेबल
उलट्या दिशेने सुटलं,
लाल बटणावर मी अख्खी पडले.

शेवटच्या आकड्याखाली,
वेगळ्या दिवशी, वेगळ्या पेन्सिलीने:
एक्स खोटं बोलतो. नेहमी डावीकडून ये.

डायल गेज लावून पाहिलं.
उजवीकडून येताना मी सांगते दहा,
तो जातो नऊ आणि काहीतरी.
स्क्रू फिरतो, टेबल क्षणभर जागेवरच,
झोपेतल्या माणसाने ‘हो’ म्हणावं
आणि उठू नये, तसं.
डावीकडून मात्र केसाचाही फरक नाही.

काल पहिला तुकडा कापला. ॲल्युमिनियम.
शेगडीचं बटण,
दोन वर्षं पक्कडीने फिरवत होते ते.
दार उघडं होतं; कीस उडून बर्फावर पडला,
तिथे बारीक बारीक भोकं झाली.
बटण बसलं, जरा जास्तच घट्ट.

नव्या स्क्रूची किंमत काढून ठेवली आहे.
मागवलेला नाही.
कंट्रोलच्या दारात, त्याच्या ओळीखाली
तारीख घातली
आणि लिहिलं: अजूनही.